सूक्ष्मनियंत्रकाच्या प्रयोगांतील दोषशोधन

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला एकच दिवस उरला आहे आणि सातवीच्या विद्यार्थ्यांनी महिनाभर खपून तयार केलेले साधन अकस्मात बंद पडले आहे, हा प्रसंग मायक्रोकंट्रोलरचे प्रयोग करणाऱ्या शाळांना नवा नाही. कुंडीतील मातीचा ओलावा मोजावयाचा, तो आकडा लहानशा पडद्यावर दाखवावयाचा आणि माती कोरडी होताच मोटरने रबरी नळीवरचा चाप उघडून पाणी सोडावयाचे, असे ते साधन. काल ते संगणकाला जोडून उत्तम चालत होते. आज प्रदर्शनासाठी त्याला बॅटरी लावली, तो पडदा कोरा आणि मोटर नुसती थरथरते. विद्यार्थी साऱ्या तारा उपसून पुन्हा जोडतात, प्रोग्राममध्ये चार ठिकाणी बदल करतात आणि शेवटी गुरुजींच्या तोंडाकडे पाहतात. अशा वेळी “बोर्ड जळला असावा” असे म्हणून साधन कपाटात ठेवून देणे सोपे असते.

परंतु बोर्ड बहुधा जळलेला नसतो. विद्युत्पुरवठा, तार किंवा दोन भागांनी एकमेकांशी बोलण्याची रीत, यांपैकी कशात तरी लहानशी उणीव असते आणि ती क्रमाने शोधली तर सापडते. प्रश्न केवळ बोर्डाच्या किमतीचा नाही. कारण न कळता साधन टाकून दिले, तर यंत्र दैवाने चालते व दैवाने बंद पडते अशी समजूत मुलांच्या मनात घर करते. कारण न कळता ते पुन्हा चालू लागले, तरीही तीच समजूत दृढ होते. विज्ञान-शिक्षणाचा हेतू याच्या नेमका उलट आहे. यास्तव दोष शोधण्याचा क्रम शिक्षकांस अवगत असणे अगत्याचे आहे.

साधनाची ओळख

मायक्रोकंट्रोलर, म्हणजेच सूक्ष्मनियंत्रक, हा एका चिपेत सामावलेला लहान संगणक होय. शाळांतून नेहमी आढळणाऱ्या आर्डुइनो उनो या बोर्डावर एटीमेगा ३२८पी ही चिप असते. प्रोग्राम साठविण्यासाठी तिच्यात ३२ किलोबाइट आणि चालू कामासाठी अवघे २ किलोबाइट स्मरण असते. आर्डुइनोचा उगम २००५ साली इटलीतील इव्रेआ येथे, रचनाकलेच्या विद्यार्थ्यांना विजेची साधने सुलभपणे बनविता यावीत या उद्देशाने झाला. भारतात २०१६ साली आरंभिलेल्या अटल नवोन्मेष अभियानातील टिंकरिंग प्रयोगशाळांमुळे सहावीपासून पुढच्या अनेक विद्यार्थ्यांच्या हाती असे बोर्ड आले.

ही चिप स्वतः काही पाहत नाही व बोलत नाही. ओलावा मोजणारा सेन्सर, आकडे दाखविणारा पडदा, चाप उघडणारी मोटर, फोनशी संपर्क साधणारा ब्लूटूथचा भाग, ही सारी तिची उपसाधने होत. चिप आणि उपसाधन यांचा संवाद होण्यास चार गोष्टी लागतात. दोघांना पुरेसा विद्युत्पुरवठा हवा. दोघांमधील तार अखंड व योग्य जागी जोडलेली हवी. दोघांचे ग्राउंड एक हवे. आणि बोलण्याचा वेग व पत्ता यांविषयी दोघांचे एकमत हवे. दोष याच क्रमाने शोधावा आणि प्रोग्रामला हात सर्वांच्या शेवटी लावावा. काल चालत असलेला प्रोग्राम रात्रीतून आपोआप बदलत नाही. तार मात्र दप्तराच्या धक्क्यानेही निघते. म्हणून सर्वांआधी “काल आणि आज यांत काय बदलले?” हा प्रश्न मुलांना विचारावा.

विद्युत्पुरवठा

बोर्डावरील दिवा लागला म्हणजे पुरवठा ठीक आहे, असे समजू नये. त्या दिव्यास अत्यल्प प्रवाह पुरतो. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून बोर्डाच्या ५ व्होल्ट व ग्राउंड या पिनांमधील दाब मोजावा. मग तोच दाब उपसाधनाच्या स्वतःच्या पिनांवर मोजावा. पहिल्या ठिकाणी ५ व्होल्ट आणि दुसऱ्या ठिकाणी शून्य आढळल्यास दोष मधल्या वाटेत आहे. लांब ब्रेडबोर्डाच्या कडेच्या पुरवठापट्ट्या काही वेळा मध्यावर तुटक असतात. त्यामुळे एका अर्ध्यात वीज असते व दुसऱ्यात नसते, हेही ध्यानात असू द्यावे.

हे माप मोटर चालू असतानाही घ्यावयास हवे. एकाच नळावरून दोन घरांना पाणी जात असता खालच्या घरी मोठी तोटी उघडली की वरच्या घरी पाण्याची धार बारीक होते. येथेही तसेच घडते. लहान सर्व्हो मोटर हलण्यास आरंभ करताना किंवा अडकली असता काही शे मिलिॲम्पिअर प्रवाह ओढते. संगणकाचा यूएसबी २ चा जोड सुमारे ५०० मिलिॲम्पिअर देऊ शकतो. चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीला एवढा भार झेपत नाही. दाब खाली जातो, चिप बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, सुरू होताच मोटर हलवू पाहते आणि दाब पुन्हा कोसळतो. पडदा कोरा होणे व मोटर थरथरणे ही दोन्ही लक्षणे एकाच कारणातून उद्भवतात. मोटरला ५ व्होल्टचा स्वतंत्र पुरवठा देणे हा यावरील उपाय होय.

मोटर थेट चिपेच्या पिनेवर चालविणे सर्वथा टाळावे. उनोच्या एका पिनेतून २० मिलिॲम्पिअरपर्यंत प्रवाह घेणे योग्य. ४० ही अंतिम मर्यादा आहे आणि ती ओलांडल्यास चिप खरोखरच निकामी होऊ शकते. सर्व्हो मोटरच्या तीन तारांपैकी केवळ संकेताची तार पिनेला जोडावयाची असते. शाळेच्या प्रयोगात घरगुती २३० व्होल्टचा प्रवाह तर कोणत्याही कारणास्तव आणू नये. पंप हवा असल्यास बॅटरीवर चालणारा लहान पंप घ्यावा. तारांची जोडणी बदलताना पुरवठा आधी काढून घ्यावा, ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

बोर्ड संगणकाला दिसतच नसेल, तर प्रथम केबल बदलून पाहावी. मोबाइल चार्ज करण्याच्या काही केबलींत पुरवठ्याच्या दोनच तारा असतात, माहिती नेणाऱ्या तारा नसतात. अशा केबलीने बोर्डावर दिवा लागतो, पण संगणकाला बोर्डाचा पत्ताच लागत नाही. काही स्वस्त बोर्डांवरील यूएसबीच्या चिपेसाठी संगणकात वेगळा ड्रायव्हर घालावा लागतो, तेही पाहावे.

सामाईक ग्राउंड

मोटरला स्वतंत्र पुरवठा दिल्यावरही ती वेडीवाकडी हलते किंवा मुळीच हलत नाही, असा अनुभव पुष्कळदा येतो. याचे कारण दोन पुरवठ्यांचे ग्राउंड एकमेकांस जोडलेले नसते.

दोन मुलांना एकाच विहिरीतील पाण्याची खोली मोजावयास सांगितली. एकाने कठड्याच्या माथ्यापासून मोजली, दुसऱ्याने जमिनीपासून. दोघांचेही माप आपापल्या जागी बरोबर, तथापि आकडे जुळणार नाहीत, कारण शून्य कोठे धरावयाचे हे दोघांनी ठरविलेले नव्हते. विजेचा दाबही असाच दोन बिंदूंमधील फरक असतो. चिपेने संकेताच्या तारेवर ५ व्होल्ट दिले, म्हणजे आपल्या ग्राउंडपासून ५ व्होल्ट दिले. मोटरचे ग्राउंड निराळे असेल, तर तिला त्या संकेताचा अर्थ लागत नाही. म्हणून दोन्ही पुरवठ्यांचे ग्राउंड एका तारेने जोडावे. त्यांचे धन टोक मात्र एकमेकांस जोडू नये. स्वतंत्र बॅटरीवरील दोन बोर्ड परस्परांशी तारेने बोलणार असतील, तर त्यांनाही हाच नियम लागू पडतो.

बोलण्याचा वेग व दोन तारांची अदलाबदल

ब्लूटूथचा भाग किंवा दुसरा बोर्ड ज्या रीतीने चिपेशी बोलतो, तिला सिरिअल संपर्क म्हणतात. यात टीएक्स ही पाठविण्याची व आरएक्स ही ऐकण्याची पिन असते. नवशिका विद्यार्थी टीएक्सला टीएक्स आणि आरएक्सला आरएक्स जोडतो. नावे सारखी असल्याने ते त्याला स्वाभाविक वाटते. परंतु एकाच्या मुखासमोर दुसऱ्याचा कान हवा. म्हणून एकाची टीएक्स दुसऱ्याच्या आरएक्सला जोडावी.

वेगाचा करार श्रुतलेखनाच्या उदाहरणाने मुलांना चटकन समजतो. शिक्षक ज्या गतीने सांगतात त्याच गतीने विद्यार्थ्याने लिहिले, तर शब्द बरोबर उतरतात. गती जुळली नाही, तर अर्धे शब्द गळतात व उरलेले एकमेकांत मिसळतात. सिरिअल संपर्कात ९६०० हा वेग ठरविला, तर प्रत्येक अंश सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकतो. एका अक्षरासाठी आरंभाचा एक, माहितीचे ८ व समाप्तीचा एक असे १० अंश लागतात. म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ९६० अक्षरे जातात. ऐकणारा भाग आरंभाचा अंश येताच आपल्या घड्याळाने मोजू लागतो. दोघांच्या वेगांत सुमारे ५ टक्क्यांहून अधिक फरक असल्यास शेवटचे अंश चुकीच्या घरात वाचले जातात.

यावरून लक्षणे ओळखता येतात. पडद्यावर चित्रविचित्र चिन्हे उमटत असतील, तर तार ठीक आहे व वेग चुकला आहे असे बहुधा समजावे. काहीच उमटत नसेल, तर तारांची अदलाबदल, ग्राउंड व पुरवठा पाहावा. उनोवर ० व १ या पिना संगणकाशी बोलण्यासाठीही वापरल्या जातात. तेथे ब्लूटूथ जोडलेले असता नवा प्रोग्राम चढविण्यात बहुधा अडथळा येतो. तेवढ्यापुरत्या त्या तारा काढाव्या.

दाबाचा फरकही विसरता कामा नये. उनो ५ व्होल्टचे संकेत देतो. ईएसपी३२ यांसारखे बोर्ड व ब्लूटूथच्या अनेक भागांची आरएक्स पिन ३.३ व्होल्टसाठी असते. ५ व्होल्टचा संकेत तेथे थेट दिल्यास तो भाग बिघडू शकतो. उनोच्या टीएक्सपासून १ किलोओहमचा व तेथून ग्राउंडपर्यंत २ किलोओहमचा रोध जोडून मधल्या सांध्यावरून संकेत घेतला, की ५ चे दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे ३.३ व्होल्ट मिळतात.

पत्त्याचा प्रश्न

पडद्याला चिपेशी जोडण्यासाठी पुष्कळदा आय-टू-सी ही रीत वापरतात. फिलिप्स या कंपनीने ती १९८२ साली विकसित केली. तीत एसडीए व एससीएल या दोनच तारांवर अनेक उपसाधने बसतात. उनोवर त्या ए४ व ए५ या पिनांवर असतात. एका आळीतील सर्व घरांसाठी एकच पोस्टमन असला, तरी पत्रावरील पत्त्यामुळे प्रत्येक पत्र आपल्याच घरी पोहोचते. येथेही प्रत्येक उपसाधनाला क्रमांक असतो. सात अंशांच्या पत्त्याने १२८ क्रमांक होतात. त्यांपैकी १६ राखीव असल्याने ११२ उरतात.

१६ अक्षरांच्या दोन ओळींचा जो पडदा शाळांतून वापरतात, त्याच्या पाठीवरील जोडचिपेचा पत्ता बहुधा दशमान पद्धतीने ३९ किंवा ६३ असतो. प्रोग्रामात ३९ लिहिले व पडदा ६३ चा निघाला, तर चिप रिकाम्या घराला हाका मारीत बसते. प्रत्येक पत्त्याला क्रमाने हाक देऊन कोण उत्तर देतो ते सांगणारा छोटा प्रोग्राम आर्डुइनोबरोबर सहज उपलब्ध होतो. तो चालविल्यास शंका तत्काळ मिटते. एकाच पत्त्याची दोन उपसाधने एका जोडीवर बसविल्यास मात्र दोघेही एकदम उत्तर देऊ लागतात, हे टाळावे.

कोणीच उत्तर देत नसेल, तर या दोन तारांवरील दाब मोजावा. संवाद थांबलेला असता दोन्ही तारा पुरवठ्याच्या दाबाजवळ, म्हणजे उनोवर ५ व्होल्टच्या आसपास असावयास हव्यात. तारांना वर धरून ठेवण्याचे हे काम सुमारे ४.७ किलोओहमचे रोध करतात. ते पडद्याच्या पाठीवर बहुधा असतात, पण सुट्या चिपेबरोबर नसतात. एखाद्या तारेवर शून्य आढळल्यास रोध नाही किंवा तार ग्राउंडला टेकली आहे. ही रीत जवळच्या अंतरासाठी आहे. तारा शक्यतो हातभर लांबीच्या आतच ठेवाव्या. पडदा उत्तर देतो, त्याचा प्रकाशही लागतो, पण अक्षरे दिसत नाहीत, असे असल्यास पाठीवरील लहान निळा स्क्रू हळूहळू फिरवावा. तो अक्षरांचा ठळकपणा ठरवितो. एवढ्याशा स्क्रूपायी चांगले पडदे निकामी ठरविले जातात.

सेन्सरचे आकडे

ओलाव्याचा सेन्सर उनोला ० ते १०२३ यांमधील आकडा देतो. आकडे सतत हलत असले, म्हणजे सेन्सर चालू आहे, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. तो खरा नव्हे. तार निघालेली असतानाही आकडे हलतात. कडी न लावलेले दार जसे वाऱ्याने मागेपुढे होते, तशी कोठेही न जोडलेली पिन आसपासच्या विजेच्या प्रभावाने वरखाली होत राहते. म्हणून सेन्सरची परीक्षा दोन ज्ञात स्थितींत करावी. तो कोरडा पुसून हवेत धरावा व आकडा लिहावा; मग त्याची टोके खुणेपर्यंत पाण्यात बुडवून आकडा लिहावा. दोन आकड्यांत स्पष्ट व स्थिर अंतर पडले, तरच सेन्सर विश्वासार्ह. या जातीच्या स्वस्त सेन्सरची धातूची टोके ओल्या मातीत सतत प्रवाह चालू राहिल्यास झिजतात आणि आकडे दिवसेंदिवस सरकतात. यासाठी मोजण्यापुरताच त्याला पुरवठा द्यावा.

दोषशोधनाची शिस्त

वरील ज्ञानाइतकीच शिस्तही महत्त्वाची आहे. पहिला नियम असा, की एका वेळी एकच बदल करावा. चार तारा व प्रोग्राम एकदम बदलले आणि साधन चालू झाले, तर दोष कशात होता हे कधीही कळणार नाही. दुसरा नियम असा, की प्रश्न अर्ध्यावर तोडावा. सोळा सांध्यांच्या साखळीत एक सांधा तुटला असेल, तर एका टोकापासून तपासीत गेल्यास पंधरा वेळा तपासावे लागू शकते. प्रत्येक वेळी मध्यावर तपासल्यास चार वेळांत तो सापडतो. तिसरा नियम असा, की सर्व उपसाधने काढून बोर्डावरील १३ क्रमांकाच्या पिनेचा दिवा लुकलुकविणारा प्रोग्राम चालवावा. तो चालला, तर बोर्ड जिवंत आहे. मग एकेक उपसाधन जोडीत जावे.

चौथा नियम नोंदीचा. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात मार्क-२ या प्रचंड गणकयंत्राच्या एका रिलेत पतंग अडकलेला आढळला. यंत्रावर काम करणाऱ्यांनी तो पतंग नोंदवहीतच चिकटविला आणि शेजारी वेळ, चौकटीचे अक्षर व रिलेचा ७० हा क्रमांक लिहिला. ते पान आजही स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात जपलेले आहे. “यंत्र बिघडले होते, दुरुस्त केले” एवढेच त्यांनी लिहिले असते, तर त्या नोंदीचा कोणालाही उपयोग झाला नसता. विद्यार्थ्यांच्या वहीतही लक्षण, तपासणी, आढळलेले माप व केलेला बदल असे चार रकाने असावेत.

वर्गातील पाठ

हा विषय एका तासिकेत प्रत्यक्ष घेता येतो. शिक्षकाने चालू साधनात, विद्यार्थ्यांच्या नकळत, एकच निरुपद्रवी दोष निर्माण करावा : ग्राउंडची तार काढावी, सिरिअलचा वेग बदलावा, पडद्याचा पत्ता चुकीचा लिहावा किंवा ठळकपणाचा स्क्रू फिरवून ठेवावा. मग चार-चार मुलांच्या गटांनी क्रमाने तो शोधावा. तार हलविण्यापूर्वी गटाने आपला अंदाज व तो तपासण्याची रीत वहीत लिहिली पाहिजे, एवढी एकच अट असावी. अंदाज चुकला, तरी त्याला गुण द्यावेत. न लिहिता सापडलेल्या दोषाला देऊ नयेत. दाब मोजताना मल्टिमीटर ॲम्पिअरच्या खाचेत नाही याची, आणि तारेची अखंडता पाहताना पुरवठा काढलेला आहे याची, शिक्षकाने स्वतः खात्री करून घ्यावी.

आरंभी वर्णिलेल्या साधनाकडे या क्रमाने पाहिले, म्हणजे कोडे उलगडते. बदलले काय? संगणकाऐवजी ९ व्होल्टची बॅटरी आली. मोटर हलते त्या क्षणी ५ व्होल्टच्या पिनेवरील दाब कोसळतो. मोटरला स्वतंत्र पुरवठा दिल्यावर पडदा उजळतो, पण मोटर अद्याप थरथरते. दोन ग्राउंड जोडले, की चाप उघडतो व कुंडीत पाणी पडते. बोर्ड जळलेला नव्हता आणि प्रोग्रामही चुकलेला नव्हता. सातवीच्या मुलांच्या वहीत त्या दिवशी दोन ओळी उमटतात : एक पुरवठ्याची, एक ग्राउंडची. पुढच्या वर्षीच्या मुलांना ती वही बोर्डाबरोबरच हाती द्यावी.